‘ओ’ दिसणारे, पण ‘ओ’ नसलेले रक्त

१/ ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशी कोणालाही चालतात, हा रक्तपेढ्यांचा जुना भरवसा. त्याला मुंबईतही तडा गेला.

२/ मे १९५२. परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वाय. एम. भेंडे यांनी देशपांडे, भाटिया आणि इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये तीन व्यक्तींच्या विलक्षण रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या पेशी ‘ओ’सारख्या भासत, मात्र सीरम ‘ओ’च्या पेशींचेही पुंजके करी.

३/ कारण? ‘ए’ व ‘बी’ प्रतिजन ज्या ‘एच’ पायावर उभे राहतात, तो पायाच या पेशींवर नसतो. ‘ओ’ पेशींवर मात्र तो विपुल असतो. म्हणून या व्यक्तींच्या शरीरातील ‘एच’विरोधी प्रतिपिंडे ‘ओ’ रक्तावरही तुटून पडतात. हाच ‘बॉम्बे रक्तगट’.

४/ भाटिया यांनी पुढे मुंबईतच, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राची धुरा वाहिली. तेच आजचे राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थान.

५/ भारतात हा गट अंदाजे दहा हजारांत एकाचा. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. हेच प्रमाण लावले, तर तेथे शंभर-सव्वाशे जण. त्यांतील अनेकांच्या कार्डावर ‘ओ’ असू शकेल.

६/ केवळ पेशी तपासल्या तर ही चूक लपते. सीरमही ‘ओ’ पेशींशी ताडून पाहिले तर ती उघडी पडते. भेंड्यांच्या शोधाचे मोल त्या दुसऱ्या परीक्षानळीत आहे. ती वगळणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.