हिमकड्यावरची तोफ

बर्फाच्या डोंगरात मोठ्याने ओरडू नये, नाहीतर कडा अंगावर येतो, असे तुम्हीही कुठेतरी वाचले असेल. ती समजूत खरी नाही, बरं का. नुसत्या आवाजाने बर्फ सुटत नाही. वरचा घट्ट थर खालच्या भुसभुशीत थरावर कसाबसा टेकलेला असतो. त्याच्यावर प्रत्यक्ष भार पडावा लागतो, हादरा बसावा लागतो. कधीकधी एका माणसाचे वजनही पुरते. मग तोफगोळ्याची गोष्ट काय सांगावी!

पहिल्या महायुद्धात इटलीच्या आणि ऑस्ट्रियाच्या फौजा आल्प्समध्ये समोरासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. शत्रूच्या डोक्यावर हिमकडा कोसळावा म्हणून वरच्या उतारांवर तोफा डागल्याच्या हकीगती त्या काळच्या आहेत. पण बर्फाला पक्ष नसतो. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलादा शिखराखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर कडा आपणहूनच आला आणि सुमारे २७० सैनिक दगावले. छावणी हलवा, अशी तिथल्या कप्तानाने आधीच विनवणी केली होती. ऐकतो कोण?

हीच तोफ पुढे माणसे वाचवायला आली. अमेरिकेतील युटा राज्यातले आल्टा हे मूळचे चांदीच्या खाणींचे गाव. खाणींच्या लाकडापायी उतार बोडके झाले आणि हिमकड्यांनी अनेक खाणकामगारांचा बळी घेतला. १९३९ साली तिथे बर्फावरून घसरण्याचा, म्हणजे स्कीचा खेळ सुरू झाला. महायुद्धात डोंगरी पलटणीत लढून आलेला माँटगोमेरी ॲटवॉटर १९४५ मध्ये वनखात्यातर्फे तिथे दाखल झाला. सुरुंग लावून बर्फ पाडता येई. पण सुरुंग ठेवायला माणसालाच त्या धोक्याच्या उतारावर जावे लागे! १९४९ मध्ये त्याची तोड निघाली. ७५ मिलिमीटरची एक जुनी फ्रेंच तोफ आणली गेली आणि खालून, दुरून गोळे डागण्यात आले.

युक्ती साधी होती. आधी उतार रिकामा करायचा, मग बर्फ आपल्या वेळेला खाली आणायचा. १९६० च्या स्क्वॉ व्हॅलीतल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हिमकड्यांचा बंदोबस्त ॲटवॉटरकडेच होता.

गोळा पडूनही बर्फ हलला नाही, तर मात्र पंचाईत. उतार खरोखर घट्ट आहे, की नेम चुकला? खाली खेळाडू ताटकळत असतात, आणि तरीही ‘आज बंद’ असे एकाला सांगावे लागते. शिवाय एखादा गोळा फुटतच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळला की तो उतारावर कुठेतरी पडलेला असतो, आणि त्याच वाटेने लोक फिरायला येतात.