आवक, जावक आणि शिल्लक : मॉरिशसमधील भारतीयांची मोजदाद

परदेशी गेलेल्या समाजाची वाढ किती झाली, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या मजसारख्यास त्यात दिवाळीपूर्वीच्या मालमोजणीचेच तत्त्व दिसते. आरंभीची शिल्लक घ्यावी, आवक मिळवावी, जावक वजा करावी. या दृष्टीने मॉरिशसचा इतिहास उद्बोधक आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून निघालेले ३६ मजूर पोर्ट लुई येथे पोहोचले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि उसाच्या मळ्यांना मजुरांची निकड भासली. पुढे कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे ४,५०,००० माणसे करारबद्ध होऊन तेथे गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती.

परंतु केवळ आवकेची वही पाहून जो लोकसंख्या सांगेल तो फसेल. सुमारे एक तृतीयांश माणसे मायदेशी परतली. काही अन्य वसाहतींत गेली. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीत हजारो दगावली. आरंभी स्त्रिया अत्यल्प असल्याने जन्मही थोडेच होते. तरीही १८४६ च्या जनगणनेत बेटावरील सुमारे एक तृतीयांश असलेले भारतीय १८६१ मध्ये निम्म्याहून बरेच अधिक झाले. स्त्रियांची संख्या वाढली, संसार उभे राहिले आणि मग वाढ जहाजांवर अवलंबून राहिली नाही.

यापुढचा प्रश्न अधिक बिकट आहे. तेथेच जन्मलेल्या नातवंडा-पतवंडांना कोणत्या खात्यात धरावे? १९७२ नंतरच्या जनगणनांत समाजाचा रकाना राहिला नाही. भाषेचा मात्र राहिला. २००० च्या जनगणनेत पूर्वजांची भाषा मराठी असे सांगणारे १६,००० हून अधिक होते. घरी मराठी बोलणारे मात्र सुमारे २,०००. दोन्ही आकडे खरे, आणि माणसे तीच!

गज बदलला की माप बदलते, कापड तेवढेच असते, हे आम्हा व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. म्हणून परदेशस्थ समाजाचा आकडा ऐकताच, तो कोणत्या गजाने मोजला, हे प्रथम विचारावे. मात्र त्या दोन आकड्यांमधील अंतर ही मापाची चूक नव्हे. ते पिढ्यांनी गमावलेले धन आहे, आणि त्याची नोंद आवक-जावकेच्या कोणत्याच वहीत सापडत नाही.