प्रॉपर्टीज विंडोमधलं ते छोटं अधिक चिन्ह

सीबेक गुणांकावरच्या मागच्या पोस्टमध्ये शेवटी मी घाईत एक वाक्य टाकलं होतं, की आमचे तीन महिन्यांचे आकडे परत काढावे लागले आणि त्याची गोष्ट पुढच्या वेळी सांगते. तर ही ती गोष्ट. चूक माझी होती हे आधीच सांगून टाकते. पण ती नेमकी काय होती हे कळायला मला १९९१ पर्यंत मागे जावं लागलं, तसं तुम्हालाही नेते. आज भौतिकशास्त्र कमी आणि सॉफ्टवेअरचा इतिहास जास्त.

आधी थोडक्यात उजळणी. पदार्थाचं एक टोक गरम ठेवलं की दोन टोकांमध्ये छोटंसं व्होल्टेज तयार होतं. त्या व्होल्टेजला दोन टोकांच्या तापमानातल्या फरकाने भागलं की सीबेक गुणांक मिळतो. आमच्याकडे फरक साधारण ५ केल्विनचा ठेवतात. तापमान मोजायला दोन सेन्सर आहेत, आणि त्यातला गरम टोकाचा सेन्सर ०.४ केल्विन कमी दाखवतो. त्यात काही विशेष नाही, प्रत्येक लॅबमध्ये असा एखादा सेन्सर असतो. तेवढी दुरुस्ती प्रोग्राममध्ये टाकायची, झालं.

प्रोग्राम सी-शार्पमधला, विंडोज फॉर्म्सवर बनवलेला. आमच्या एका सीनिअर दादाने तो लिहिला आणि पीएचडी संपवून तो गेला. त्याने सेन्सरसाठी स्वतःचा एक कंट्रोल बनवला होता. कंट्रोल म्हणजे बटण, चौकट, यादी असतात ना, तसा पडद्यावरचा एक तुकडा. मी त्या कंट्रोलला 'कॅलिब्रेशन' नावाची एक प्रॉपर्टी जोडली आणि तिच्या पोटात दोन गोष्टी ठेवल्या: ऑफसेट आणि गुणक. व्हिज्युअल स्टुडिओच्या प्रॉपर्टीज विंडोमध्ये 'कॅलिब्रेशन'च्या आधी छोटं अधिक चिन्ह आलं, त्यावर क्लिक केलं की खाली दोन ओळी उघडल्या. ऑफसेटमध्ये ०.४ टाकलं. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! स्क्रीनशॉट काढून लॅबच्या वहीत चिकटवला.

आता ते चिन्ह आलं कुठून, ते बघू.

१९९१ साली मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. त्यामागे अ‍ॅलन कूपर यांनी बनवलेला एक प्रोग्राम होता, जो त्यांनी १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टला विकला होता. त्याआधी विंडोजवर साधी एक खिडकी दाखवायची तरी सी भाषेत भरपूर ओळी खरडाव्या लागत. व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर बटण ओढून आणायचं, त्याची उंची, रंग, नाव एका यादीतून बदलायचं. बाहेरच्या कंपन्यांनाही स्वतःचे कंट्रोल बनवून विकता येऊ लागले आणि त्याचा मोठा धंदाच उभा राहिला.

पण ती यादी सपाट होती. मजकुराच्या चौकटीला फॉन्ट द्यायचा तर सहा वेगळ्या प्रॉपर्टी: फॉन्टबोल्ड, फॉन्टइटॅलिक, फॉन्टनेम, फॉन्टसाइझ, फॉन्टस्ट्राइकथ्रू, फॉन्टअंडरलाइन. सगळ्यांच्या नावाची सुरुवात 'फॉन्ट'ने, म्हणून वर्णानुक्रमात त्या आपोआप शेजारी शेजारी येत. एकाच आडनावाची मुलं हजेरीपटावर लागोपाठ यावीत तसं. एकत्र दिसत होत्या, पण 'फॉन्ट' नावाची एक वस्तू आहे आणि हे सहा तिचे भाग आहेत, हे यादीला माहीतच नव्हतं.

१४ फेब्रुवारी १९९५ ला बोरलँड कंपनीने डेल्फी आणलं. त्याचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग. डेल्फीच्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये 'फॉन्ट' ही एकच ओळ होती आणि तिच्या आधी अधिकचं चिन्ह. त्यावर डबल क्लिक केलं की आतून नाव, रंग, उंची बाहेर येत. त्यातल्या 'स्टाइल'ला पुन्हा स्वतःचं अधिक चिन्ह, आणि त्याच्या आत ठळक, तिरकं वगैरे हो-नाहीचे पर्याय.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते डेल्फीची खरी करामत चिन्हात नाही, त्याच्या मागच्या व्यवस्थेत आहे. डेल्फीच्या पास्कलमध्ये प्रॉपर्टी 'पब्लिश्ड' या शब्दाखाली लिहिली की कंपायलर त्या प्रॉपर्टीची माहिती तयार प्रोग्राममध्ये ठेवून देई. इन्स्पेक्टर ती माहिती वाचून यादी दाखवे. आणि फॉर्म साठवणारा कोडही तीच माहिती वाचून फॉर्मच्या फायलीत नोंदी करे, 'फॉन्ट डॉट नेम', 'फॉन्ट डॉट कलर' अशा. आतली वस्तू टी-पर्सिस्टंट या वर्गातून आलेली असली की पुरे. म्हणजे दाखवणं आणि लक्षात ठेवणं या दोन्ही कामांना शब्द एकच. जे दिसतं ते साठतं, असं तुम्ही साधारणपणे धरून चालू शकत होता.

तिथे खड्डे नव्हते असं नाही. बाहेरून नवी वस्तू दिली की ती आपल्या आतल्या वस्तूत नक्कल करून घ्यायची असते. नवशिके नुसता पॉइंटर बदलत आणि मग दोन कंट्रोल एकाच फॉन्टवर हक्क सांगत बसत. पण तो वेगळा रोग.

त्याच वर्षी आलेल्या व्हिज्युअल बेसिक ४ मध्ये एक गंमत सापडते. तिथेही 'फॉन्ट' ही वस्तू झाली. फॉर्मची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर त्यात 'बिगिन-प्रॉपर्टी फॉन्ट' पासून 'एंड-प्रॉपर्टी' पर्यंत आतले भाग व्यवस्थित ओळीत लिहिलेले. खिडकीत मात्र अधिक चिन्ह नाही, तीन टिंबांचं बटण. ते दाबलं की वेगळा डबा उघडायचा. म्हणजे फायलीला आतले कप्पे माहीत, पण विंडो ते उघडून दाखवत नाही. आमच्या लॅबमध्ये झालं त्याच्या बरोब्बर उलट.

१९९७ च्या व्हिज्युअल बेसिक ५ पासून त्या भाषेतच स्वतःचे कंट्रोल बनवता येऊ लागले. तिथे साठवणीचं काम सरळ कंट्रोल लिहिणाऱ्याच्या गळ्यात: 'प्रॉपर्टी बॅग' नावाच्या पिशवीत एकेक किंमत आपल्या हाताने टाकायची आणि पुढच्या वेळी आपल्या हाताने काढायची. कंटाळवाणं काम, पण विसरलात तर कोण विसरलं हे स्पष्ट असायचं.

हेल्सबर्ग १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि पुढे सी-शार्पचे मुख्य शिल्पकार झाले. फेब्रुवारी २००२ मध्ये डॉटनेटची पहिली आवृत्ती आली, तिच्यात विंडोज फॉर्म्स आणि 'प्रॉपर्टी ग्रिड'. अधिकचं चिन्ह इथेही आहे. डेल्फीची आठवण येते हे खरं, पण आतली मांडणी बदलली होती आणि बदलाचं कारण साधं होतं: फॉर्मची वेगळी फाइल गेली. डॉटनेटचा डिझायनर तुमचा फॉर्म साठवतो तो सी-शार्पच्या कोडच्या रूपात, 'इनिशियलाइज-कंपोनंट' नावाच्या फंक्शनमध्ये. तुम्ही बटण डावीकडे सरकवलं की तिथली एक ओळ बदलते.

यामुळे एकाचे दोन प्रश्न झाले. पहिला, ग्रिडने ही वस्तू कशी दाखवायची? दुसरा, या वस्तूसाठी कोडची कुठली ओळ लिहायची?

पहिल्याचं उत्तर 'टाइप कन्व्हर्टर'. वस्तूचं अक्षरांत रूपांतर कसं करायचं, अक्षरांतून वस्तू परत कशी घडवायची, तिला पोटप्रॉपर्टी आहेत का, हे तो सांगतो. चिन्ह हवं असेल तर 'एक्सपांडेबल ऑब्जेक्ट कन्व्हर्टर' नावाचा तयार कन्व्हर्टर आहे. त्याचा कोड आता खुला आहे, विंडोज फॉर्म्स २०१८ पासून ओपन सोर्स आहे आणि हा वर्गही उघडून बघता येतो. मी बघितला आणि हसू आलं. त्याच्या पोटात कामाची फंक्शनं दोनच. एक म्हणतं, हो, पोटप्रॉपर्टी आहेत. दुसरं त्यांची यादी देतं. साठवणीबद्दल अवाक्षर नाही.

'साइझ' आणि 'पॉइंट' यांच्यासाठी मात्र जास्त कष्ट घेतलेत. हे प्रकार डॉटनेटमध्ये मूल्याने हाताळले जातात, म्हणजे मागितलं की नक्कल हातात येते. नकलेची रुंदी बदलून मूळ बटणाला काय फरक पडणार? सी-शार्पमध्ये बटणाच्या साइझची रुंदी थेट बदलायला गेलात तर कंपायलर अडवतो. ग्रिडमध्ये तेच चालतं, कारण तिथला कन्व्हर्टर बदललेली रुंदी आणि जुनी उंची घेऊन अख्खी नवी 'साइझ' घडवतो आणि बटणाला देतो. बघणाऱ्याला वाटतं आतला एक आकडा बदलला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वेगळ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये आहे, नाव लांबलचक: 'डिझायनर सिरिअलायझेशन व्हिजिबिलिटी'. त्याच्या किंमती तीन, हिडन, व्हिजिबल आणि कंटेंट. काहीच लिहिलं नाही तर व्हिजिबल धरतात.

हे समजायला आपला मिसळणाचा डबा आठवा. घर बदलताना सामानाची यादी करायला कुणाला तरी बसवलंय. 'हिडन' म्हणजे डबा यादीत घेऊच नकोस. 'व्हिजिबल' म्हणजे डबा एक वस्तू म्हणून लिही, नव्या घरी तसा दुसरा आणून ठेवता येईल. 'कंटेंट' म्हणजे डबा तिथे आधीच आहे. तू झाकण उघड आणि आतल्या वाट्या लिही, हळद इतकी, मोहरी इतकी. माझी 'कॅलिब्रेशन' प्रॉपर्टी फक्त वाचता येणारी होती. कंट्रोल स्वतःच ती वस्तू तयार करत होता, बाहेरून नवी देण्याची सोयच नव्हती. मी अ‍ॅट्रिब्यूट लिहिलं नव्हतं, म्हणून 'व्हिजिबल'. डिझायनरने पाहिलं की नवा डबा इथे ठेवता येत नाही, आणि पुढे गेला. झाकण उघडायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. एरर नाही, इशारा नाही.

आणि ग्रिड? ग्रिड झाकण उघडून ०.४ दाखवत होता, कारण डिझायनरमध्ये जिवंत असलेल्या वस्तूत ०.४ खरंच होतं. प्रोग्राम चालवला की नवी वस्तू तयार होई, ऑफसेट शून्य. वहीतला माझा स्क्रीनशॉट खरा होता. फक्त तो चालणाऱ्या प्रोग्रामचा नव्हता.

याचा परिणाम मोजून बघा. खरा फरक ५ केल्विन, प्रोग्रामला दिसतो ४.६. भागाकार सुमारे ९ टक्के मोठा येतो. थर्मोइलेक्ट्रिक पदार्थाचा कस मोजताना सीबेक गुणांकाचा वर्ग घेतात, त्यामुळे तिथे सुमारे १८ टक्के. आमचा नवा नमुना जुन्यापेक्षा जवळपास तेवढाच सरस दिसत होता! विभागातल्या एका पोस्टरवर मी तो आलेख लावलाही होता. चांगली बातमी असली की माणूस सेन्सर तपासायला जात नाही, आणि मीही गेले नाही.

सापडलं ते वेगळ्याच कारणाने. सरांनी सांगितलं, एकाच फरकावर विसंबू नकोस, पाच-सहा वेगवेगळे फरक घे आणि रेषेच्या उतारावरून गुणांक काढ. रेषा शून्यातून जायला हवी होती. ती गेली उणे ०.४ वर. तो आकडा मी ओळखला, वहीत चिकटवला होता की! खरं तर उताराची पद्धत आधीपासून वापरली असती तर असा स्थिर ऑफसेट आपोआप गळून पडला असता आणि हा सगळा इतिहास मी वाचला नसता.

आणखी एक खड्डा, याच रस्त्यावरचा. दुरुस्ती करताना मी गुणकाला 'डिफॉल्ट व्हॅल्यू' जोडायला गेले आणि थोडक्यात वाचले. हे अ‍ॅट्रिब्यूट प्रॉपर्टीला किंमत देत नाही. ते डिझायनरला फक्त सांगतं की किंमत एवढीच असेल तर लिहू नकोस. कन्स्ट्रक्टरमध्ये एक आकडा आणि अ‍ॅट्रिब्यूटमध्ये दुसरा असेल, आणि तुम्ही ग्रिडमध्ये नेमका तो दुसरा टाकलात, तर तो साठतच नाही. डेल्फीच्या 'डिफॉल्ट' शब्दाचं हेच. प्रॉपर्टी बॅगेत लिहिताना द्यायच्या डिफॉल्टचंही हेच. तीन व्यवस्था, आणि फाइल छोटी ठेवण्यासाठी तिन्हींनी एकच सापळा मांडला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या डॉटनेट ९ मध्ये विंडोज फॉर्म्सने यावर एक उपाय आणला. कंट्रोलला वाचता-लिहिता येणारी प्रॉपर्टी जोडली आणि ती साठवायची की नाही याबद्दल काहीच सांगितलं नाही, तर बिल्ड थांबतं. बावीस वर्षं जे गुपचूप चालत होतं ते आता एरर झालं. जुने प्रोजेक्ट नव्या आवृत्तीवर नेणारे यावर चिडतात. मी चिडणार नाही, पण आमचा प्रोग्राम अजून जुन्या फ्रेमवर्कवर आहे आणि माझी प्रॉपर्टी तर फक्त वाचायची होती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली: प्रॉपर्टीच्या डोक्यावर 'कंटेंट'. त्यानंतर इनिशियलाइज-कंपोनंटमध्ये ऑफसेटची ओळ उमटली ती मी डोळ्यांनी बघितली. शिवाय आता प्रत्येक डेटा फायलीच्या पहिल्या दोन ओळींत, मोजणीच्या वेळी प्रोग्रामने प्रत्यक्षात वापरलेले ऑफसेट आणि गुणक छापले जातात. सुदैवाने तापमानाचे कच्चे आकडे फायलींत होते आणि ऑफसेट कधीच लागू झाला नव्हता, म्हणून सगळ्या १७ नमुन्यांना एकच दुरुस्ती लावता आली. त्यातले ६ आम्ही उताराच्या पद्धतीने पुन्हा मोजले. नव्या नमुन्याची आघाडी गेली. तो आणि जुना आता चुकीच्या मर्यादेत सारखेच आहेत. पोस्टरची दुरुस्त प्रत मी विभागाच्या बोर्डावर लावली. सरांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाले, "ठीक. उरलेले अकरापण उतारानेच काढ."