समुद्रजलातील शिसे: मोजमापाचा इतिहास

एक टन समुद्रजलात सुमारे 35 किलो क्षार असतात. त्याच पाण्यातले शिसे मात्र ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजावे लागते. भांडे, नळी, हवेतली धूळ, जहाजाचा रंग, कशातूनही त्याहून जास्त शिसे नमुन्यात उतरू शकते. म्हणून या मोजमापाचा इतिहास उपकरणांइतकाच स्वच्छतेचाही आहे.

पहिला धडा सोन्याने दिला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेली युद्धभरपाई समुद्रातले सोने काढून फेडता येईल, अशी आशा रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांना होती. जुन्या नोंदींनुसार टनामागे काही मिलिग्रॅम सोने मिळायला हवे होते. हाबर यांनी 1923 मध्ये प्रवासी बोटीवर प्रयोगशाळा थाटली. हाती आले ते अपेक्षेच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतके. रसायनांतले आणि भांड्यांतले सोनेही मोजणीत येत होते. 1990 च्या मोजणीत तर हाबर यांचा आकडाही शंभराहून अधिक पटींनी जास्त ठरला.

शिशाच्या बाबतीत स्वच्छतेची ही शिस्त आणली भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी. पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवताना शिशाची समस्थानिके मोजावी लागली, तेव्हा बाहेरचे शिसे रोखण्यासाठी त्यांनी गाळलेली हवा खेळवलेली प्रयोगशाळा उभारली. 1963 मध्ये सहकारी तात्सुमोतो यांच्यासह त्यांनी दाखवले की समुद्राच्या वरच्या थरात शिसे खोल पाण्यापेक्षा जास्त आहे. हे शिसे मुख्यतः शिसेयुक्त पेट्रोलच्या धुरातून, हवेमार्गे आलेले होते. पुढे पृष्ठजलाचे नमुने जहाजापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलेल्या रबरी होडीतून घेतले जाऊ लागले; बाटल्या आम्लात मुरवलेल्या असत. 1981 मध्ये शाउले आणि पॅटरसन यांनी ईशान्य पॅसिफिकचे आकडे दिले: पृष्ठभागी किलोमागे 5 ते 15 नॅनोग्रॅम, तळाकडे जेमतेम 1. त्याआधीचे बहुतेक आकडे यामुळे बाद झाले.

आकडा खरा की डागाळलेला, हे ओळखायची एक कसोटीही याच काळात सापडली. सागरी रसायनशास्त्रज्ञ एड बॉइल आणि सहकाऱ्यांना 1976 मध्ये दिसले की खोलीनुसार कॅडमियम फॉस्फेटच्या पावलावर पाऊल टाकत बदलते. असा सुसंगत आलेख दूषित नमुन्यांतून निघत नाही. जस्त, तांबे, निकेल यांचेही विश्वासार्ह आकडे त्यानंतर हाती आले. लोखंडी जहाजावरून लोह मोजण्याचे अवघड काम जॉन मार्टिन यांच्या गटाने 1980 च्या दशकात साधले.

आता या मोजणीतून पेट्रोलविषयक निर्णयांचा परिणामही वाचता येतो. अमेरिकेने शिसेयुक्त पेट्रोल कमी केल्यावर बर्म्युडाजवळच्या पृष्ठजलातले शिसे 1979 पासून घटत गेले. हिंदी महासागराच्या भोवतालच्या देशांत असे पेट्रोल उशिरा बंद झाले, भारतात 2000 मध्ये. त्यामुळे 2009-10 मध्ये हाकुहो मारू या जपानी जहाजाने आणलेल्या नमुन्यांत उत्तर हिंदी महासागराचे शिसे दक्षिणेपेक्षा ठळकपणे जास्त आढळले.