पाच खणी घर
‘पाच खणी घर’ : चोळीचा खण नव्हे, दोन तुळयांमधला गाळा तो खण. घराचे मोजमाप त्यावरच सांगत. हे घर घोटीचे, आणि घोटी इगतपुरी तालुक्यात. इगतपुरीला वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्यामुळे देशावरचे सपाट मातीचे धाबे इथे टिकायचे नाही, उतरते कौलारू छप्परच हवे. त्याचा भार खांब, तुळई, आढे, वासे या सांगाड्यावर. खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल चढून बुंधा कुजत नाही. भिंत निव्वळ आडोसा: कारवीचा कूड, वर शेणमातीचा लिंपा. कूड पडला तरी घर उभे. ‘घर फिरले की वासेही फिरतात’ ही म्हण मात्र सुताराला पटायची नाही, त्याच्या लेखी आधी वासेच फिरतात. मध्ययुगीन इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याच्या घरांतही काठ्या विणून मातीने लिंपलेल्या भिंती असत, आणि मोठ्या दालनातल्या उघड्या चुलाण्याचा धूर छपरातून बाहेर पडे. लेखकाने पुढे वर्णिलेले काळेभोर वासे रंगवलेले नसून असेच धुराने माखलेले आहेत. — संपा.