रक्तातला आकडा आणि अंगावरचे मांस

मूत्रपिंडे नीट चालली आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. पण ह्या पदार्थाचा इतिहास मूत्रपिंडापासून नव्हे, मांसापासून सुरू होतो.

१८३२ साली शेव्हरल ह्या फ्रेंच रसायनज्ञाने मांसाच्या अर्कातून एक पदार्थ वेगळा केला आणि मांसाच्या ग्रीक नावावरून त्याला क्रिएटिन म्हटले. त्यापासून होणाऱ्या पदार्थाला १८४७ साली लीबिग ह्या जर्मन पंडिताने क्रिएटिनिन हे नाव दिले. शिकारीत पळवून मारलेल्या रानकोल्ह्याच्या मांसात पाळीव कोल्ह्याच्या दहापट क्रिएटिन असते, असेही त्याने नोंदविले. स्नायूंशी असलेले नाते असे प्रारंभापासूनच उघड होते. पुढे १८८६ साली याफेने पिक्रिक आम्लाने येणारा तांबूस रंग दाखविला. त्यावरून मोजणी सोपी झाली, आणि नाते मागे पडले.

स्नायू रोज थोडे क्रिएटिनिन रक्तात सोडतात, मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. हौदातले पाणी जसे वरच्या धारेवर आणि खालच्या मोरीवर ठरते, तसेच हे. म्हातारपणी मांस झडून धार बारीक होते. मोरी तुंबली तरी पाणी चढत नाही.

१९७६ साली कॅनडात कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी २४९ रुग्णांवरून एक सूत्र मांडले: १४० मधून वय वजा करावे, वजनाने गुणावे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे. अंजनीकाठचा ३० वर्षांचा, ७० किलोचा गडी घ्या आणि ७५ वर्षांचे, ४५ किलोचे आजोबा घ्या. दोघांचाही आकडा १. गड्याची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर गाळतात, आजोबांची ४१! त्यांना गुडघेदुखीची गोळी गड्याच्या मापाने दिली तर काय होईल? आजीबाईंसाठी १५ टक्के वजावट सुचविली गेली तीही अंदाजाने, कारण त्या रुग्णांत स्त्रिया जवळजवळ नव्हत्याच.

शिवाय वजन म्हणजे मांस नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली अंगकाठी ही अशी.

१९८५ साली स्वीडनच्या ग्रुब यांनी सिस्टॅटिन-सी ह्या प्रथिनाकडे लक्ष वेधले. ते शरीरातील बहुतेक पेशी तयार करतात, म्हणून स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. ही तपासणी महाग आहे. क्रिएटिनिनच्या कागदावर पुष्कळ प्रयोगशाळा आता वय धरून गाळण्याचा वेगही छापतात. अंगावर मांस किती उरले आहे, हे मात्र डॉक्टरांनी रोग्याकडे पाहूनच ठरवावे लागते.