तार आणि करवत

खालचा जबडा फार पुढे आलेल्या माणसाला आज साधारण एकच वाट दाखवली जाते: वर्ष-दीड वर्ष ब्रेसेस, मग जबड्याची शस्त्रक्रिया, मग पुन्हा काही महिने ब्रेसेस. दात सरकवणारी आणि हाड कापणारी या दोन विद्या स्वतंत्र वाढल्या आणि 1960 नंतर त्यांची सोयरीक जमली, असे सहसा सांगतात. पण तारखा शेजारी-शेजारी मांडल्या की दोघींचे माहेर एकच निघते: मोडलेल्या जबड्याचा उपचार.

मोडलेला हात फळीला बांधता येतो. जबडा मात्र बोलताना, गिळताना सतत हलतो. 1887 मध्ये अमेरिकेतील टॉमस गिल्मर यांनी वरच्या-खालच्या दातांना तारा गुंडाळल्या आणि त्या एकमेकींत पिळून तोंडच बंद केले. शाबूत वरचा जबडा हीच खालच्याची फळी झाली. दात पूर्वीसारखे जुळले की हाडाची टोकेही जागेवर येतात, हे यातले मर्म. 1890 मध्ये एडवर्ड अँगल यांनी अस्थिभंगासाठी दातांवर आवळायच्या धातूच्या पट्ट्या सुचवल्या. हेच अँगल आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे, म्हणजे दात सरकवण्याच्या विद्येचे, जनक!

पुढचा दुवा सेंट लुईस शहरातला. 1897 मध्ये तिथे सर्जन विलरे ब्लेअर यांनी एका रुग्णाच्या पुढे आलेल्या खालच्या जबड्यातून दोन्ही बाजूंचा एकेक तुकडा काढून जबडा मागे घेतला. त्या रुग्णाविषयी 1898 मध्ये लेख लिहिणाऱ्यांत अँगल होते. हाड कापले की जबडा मोडल्यासारखाच होतो, आणि मोडलेला जबडा दातांच्या आधाराने कसा धरायचा हे त्यांना ठाऊक होते. तार आणि करवत यांची भेट इथे झाली.

यावर पहिला आक्षेप येतो तो सायमन हलिहेन यांच्या नावाने. व्हीलिंग गावच्या या सर्जनांनी 1849 मध्येच अशी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. भाजल्यामुळे मानेची कातडी आकसून एका तरुणीचा खालचा जबडा लांबला होता. त्यांनी त्याचा पुढचा भाग कापून मागे बसवला. धाडस निर्विवाद, अग्रमानही त्यांचाच. पण तो उपचार भाजल्याच्या व्रणातून उपजला, आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्याची परंपरा झाली नाही. जबडा कापण्याचा मूळपुरुष म्हणून हलिहेन मान्य. जोडउपचाराची कुळी मात्र गिल्मर-अँगल यांच्याकडूनच लावावी लागते.

वरच्या जबड्याची कथा तर या मताला आणखी बळ देते. 1901 मध्ये फ्रान्सच्या रने ल फोर यांनी मृतांच्या डोक्यांवर जोरदार आघात केले आणि मांस काढून कवट्या तपासल्या. चेहऱ्याची हाडे ठरावीक रेषांवरच फुटतात, हे त्यांना दिसले. त्यांतली सर्वांत खालची रेघ वरच्या दातांच्या मुळांवरून आडवी जाते. आज वरचा जबडा सुटा करताना सर्जन जवळपास त्याच रेघेने कापतात आणि त्या छेदाला ल फोर-1 म्हणतात. अपघाताचा नकाशा शस्त्रक्रियेचा आराखडा झाला.

मधला काळ ओझरता सांगितला तरी चालेल. ह्यूगो ओबवेगेसर यांनी खालचा जबडा तोंडाच्या आतूनच उभा चिरून सरकवण्याची पद्धत 1950च्या दशकात घडवली. मग अचूक जुळणीची गरज वाढली आणि शस्त्रक्रियेआधी ब्रेसेस आल्या. जबडा पुढे असला की खालचे दात आत झुकून आणि वरचे बाहेर कलून ती चूक झाकतात. ब्रेसेस त्यांना सरळ करतात, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी चेहरा आणखीच विसंगत दिसतो. रुग्णाला हे आधी सांगणे फार गरजेचे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ब्रेसेसच्या तारेवरील हुकांना गिल्मर यांच्यासारख्याच तारा बांधून जबडे धरले जातात, आणि मग हाडावर टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू बसतात.

या पट्ट्याही जबड्याच्या अस्थिभंगासाठीच घडल्या होत्या. जपानमधील सेंदाई येथील डॉक्टरांनी 2009 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तर आधी शस्त्रक्रिया होते आणि दात नंतर सरकतात. ते खेचायला आधार असतो हाडात बसवलेल्या अशाच टायटॅनियम पट्ट्यांचा.